चौथ्या डाउनला कोचच्या पाठीशी उभे राहा: अमेरिकेतल्या मराठी फुटबॉलप्रेमींना खुले पत्र

प्रिय मराठी फुटबॉलप्रेमी मंडळी,

स. न. वि. वि.

अमेरिकन फुटबॉलमध्ये कोचने चौथ्या डाउनला किक न मारता खेळायचं ठरवलं आणि ते फसलं, की आपल्या बैठकांमधून आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांमधून त्याचा जो उद्धार सुरू होतो, त्याबद्दल हे पत्र आहे. डेट्रॉईट, न्यू जर्सी, डॅलस, बे एरिया, जिथे जिथे आपली मंडळी रविवारी टीव्हीसमोर बसतात तिथे हे चालतं. पुण्या-नाशकात सुपर बोलसाठी, म्हणजे हंगामाच्या अंतिम सामन्यासाठी, सोमवारी पहाटे पाचला उठणारेही यात मागे नसतात. मला तुम्हाला एक विनंती करायची आहे. पण आधी हिशोब मांडतो, कारण त्याशिवाय ती एका हरलेल्या संघाच्या चाहत्याची कळवळ वाटेल.

नुकताच हा खेळ बघायला लागलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. दहा यार्ड पुढे सरकायला चार संधी मिळतात, त्यांना डाउन म्हणतात. दहा यार्ड झाले की पुन्हा पहिल्या डाउनपासून नव्या चार संधी. तीन डाउनमध्ये दहा यार्ड झाले नाहीत तर चौथ्याला तीन वाटा उरतात. चेंडू पंट करून लांब उडवून द्यायचा, म्हणजे समोरच्याला आपल्या गोलपासून दूरवर सुरुवात करावी लागते. जवळ असलो तर फील्ड गोल, म्हणजे खांबांमधून किक, मारून तीन गुण घ्यायचे. किंवा उरलेलं अंतर कापायला सरळ खेळायचं, आणि जमलं नाही तर चेंडू तिथल्या तिथे समोरच्याच्या हाती द्यायचा. प्रो कबड्डी बघणाऱ्यांना ‘डू ऑर डाय’ रेड माहीत आहे: दोन रेड रिकाम्या गेल्या की तिसऱ्या रेडला गुण आणायचाच, नाहीतर रेडर बाद. तिथे रेडरला दुसरी वाटच नसते, म्हणून तो पकडला गेला तरी ‘गेलाच कशाला’ असं कुणी विचारत नाही. फुटबॉलमध्ये कोचपुढे वाट असते. सगळा घोळ तिथेच सुरू होतो.

आता २८ जानेवारी २०२४ चा सामना घ्या. सांता क्लाराच्या मैदानावर डेट्रॉईट लायन्स विरुद्ध सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्स, जिंकणारा सुपर बोलला जाणार. लायन्स आजवर एकदाही सुपर बोल खेळलेले नाहीत. २००८ साली हा संघ सोळाच्या सोळा सामने हरला होता, आणि त्या जानेवारीत ३२ वर्षांत पहिल्यांदा प्लेऑफचा सामना जिंकला होता. मध्यंतराला लायन्स २४-७ असे पुढे होते, त्यामुळे मिशिगनमध्ये त्या वेळी कुणाच्या पोटात अन्न जात नव्हतं.

तिसऱ्या सत्रात गुणफलक २४-१०. चेंडू सॅन फ्रान्सिस्कोच्या २८ यार्डांच्या रेषेवर (म्हणजे त्यांच्या गोलपासून २८ यार्डांवर), चौथा डाउन, दोन यार्ड हवेत. फील्ड गोल मारायचा तर साधारण ४६ यार्डांवरून. कोच डॅन कॅम्पबेल यांनी खेळायचं ठरवलं. क्वार्टरबॅक (आक्रमण चालवणारा, चेंडू फेकणारा खेळाडू) जॅरेड गॉफने जॉश रेनॉल्ड्सकडे चेंडू फेकला. रेनॉल्ड्स मोकळा होता, चेंडू त्याच्या हातांना लागला आणि खाली पडला. लगेच पुढच्या काही मिनिटांत फोर्टीनाइनर्सच्या ब्रॉक पर्डीने लांब फेकलेला चेंडू लायन्सच्या बचावपटूच्या हेल्मेटवर आपटून उडाला आणि ब्रँडन आययुकच्या हातात जाऊन पडला, ५१ यार्ड. मग लायन्सच्या जाहमिर गिब्जकडून चेंडू निसटला. बघता बघता २४-२४.

चौथ्या सत्रात साडेसात मिनिटं उरलेली असताना लायन्स २७-२४ असे मागे होते. चेंडू सॅन फ्रान्सिस्कोच्या ३० यार्डांच्या रेषेवर, चौथा डाउन, तीन यार्ड. फील्ड गोल ४८ यार्डांचा असता आणि बरोबरी साधली असती. कॅम्पबेल पुन्हा खेळले, पुन्हा जमलं नाही. सामना ३४-३१ असा गेला.

त्या रात्री आपल्या मंडळींनी काय काय लिहिलं ते मी वाचलं आहे. ‘तीन गुण घ्यायचे ना सरळ’, ‘जुगारी’, ‘याला काढून टाका’. त्यात चेंडू हातातून सोडणाऱ्या रेनॉल्ड्सचं नाव क्वचितच होतं, हेल्मेटवर आपटून उडालेल्या चेंडूचा उल्लेखही नव्हता. सगळा दोष कॅम्पबेल यांच्या माथी. त्यांनी सामन्यानंतर स्पष्ट सांगितलं की त्या निर्णयांचा पश्चात्ताप नाही, तर त्यावरही लोक भडकले.

आता त्याच वर्षीचा ५ डिसेंबर आठवा. गुरुवारची रात्र, डेट्रॉईटच्या घरच्या मैदानावर ग्रीन बे पॅकर्सविरुद्ध ३१-३१, शेवटची ४३ सेकंदं. चेंडू पॅकर्सच्या २१ यार्डांच्या रेषेवर, चौथा डाउन, एक यार्डही पुरतं नाही इतकं अंतर. चाळीस यार्डांच्या आतला फील्ड गोल समोर दिसत होता. कॅम्पबेल खेळले. गॉफ अडखळला, पडता पडता त्याने चेंडू डेव्हिड माँटगोमेरीच्या हातात दिला, आणि माँटगोमेरीने पहिला डाउन मिळवला. मग घड्याळ संपवून जेक बेट्सने अगदी शेवटच्या क्षणी फील्ड गोल मारला, ३४-३१. त्या रात्री त्याच ग्रुपांवर ‘काय छातीचा माणूस आहे’ असे संदेश फिरत होते.

माणूस तोच, विचार तोच. गॉफचा पाय अजून थोडा घसरला असता तर ‘काय छातीचा माणूस’च्या जागी पुन्हा ‘काढून टाका’ आलं असतं. डिसेंबरमधला निर्णय तर मला जानेवारीतल्यापेक्षा अधिक भक्कम वाटतो. चौथ्या डाउनला किक मारली असती तर लायन्स तीन गुणांनी पुढे गेले असते खरे, पण पॅकर्सच्या हाती चेंडू आणि चाळीस सेकंदं राहिली असती. एक यार्ड मिळवल्यावर पॅकर्सना चेंडू दिसलाही नाही. जानेवारीतले दोन्ही निर्णय मात्र काठावरचे होते. आकडेमोड करणाऱ्यांच्या बहुतेक प्रारूपांत किक मारणं आणि खेळणं जवळजवळ समसमान निघत होतं. म्हणजे किक मारली असती तरी चूक ठरली नसती, आणि खेळले तेही चूक नव्हतं. त्याला मूर्खपणा म्हणणं हे त्या सामन्यात घडलेल्या कशावरूनही सिद्ध होत नाही.

आता मूळ हिशोबाकडे येतो.

चेंडू आपल्याच ३० यार्डांच्या रेषेवर आहे, चौथा डाउन, एक यार्ड हवं, सामना नुकताच सुरू झालाय. बहुतेक प्रेक्षकांना इथे पंटच हवी असते. पंट केली तर परतीची धाव वजा जाता चाळीसेक यार्ड मिळतात, म्हणजे समोरचा संघ त्याच्या ३० च्या आसपास सुरू करेल. पहिल्या डाउनला मैदानावरच्या प्रत्येक जागेची सरासरी किंमत गुणांत काढता येते: तिथून सुरू केल्यावर पुढचे गुण कोण मिळवतो आणि किती, हे हजारो खेळींवरून मोजायचं. स्वतःच्या ३० वरून सुरुवात म्हणजे ढोबळमानाने एक गुण. समोरच्याच्या ३० वरून सुरुवात म्हणजे साडेतीनच्या आसपास. तेव्हा पंट केली की आपल्या खात्यात साधारण उणे एक. खेळून जमलं तर अधिक एक. फसलं तर उणे साडेतीन. खेळणं पंटच्या बरोबरीला येण्यासाठी शंभरात पंचावन्न-छप्पन्न वेळा यश हवं. आणि एक यार्डासाठी खेळलेल्या चौथ्या डाउनला तीनातल्या दोन वेळा यश मिळतं.

म्हणजे स्वतःच्या तीसवर, जिथे आपल्या छातीत धस्स होतं, तिथेही सरासरीने खेळणंच फायद्याचं. फसल्यावर होणारा तोटा आपल्याला दिसतो. पंट करून समोरच्याला फुकट दिलेली चाल दिसत नाही, कारण तिचा तोटा पंधरा मिनिटांनी, दुसऱ्याच खेळीत, दुसऱ्याच कुणाच्या नावावर नोंदला जातो.

मैदानाच्या दुसऱ्या टोकाला हे अजून स्पष्ट होतं. समोरच्याच्या ३८ वर असताना, दोन यार्ड हवेत म्हणून पंट करणारे संघ मी कितीदा तरी पाहिलेत. तो चेंडू एंड झोनमध्ये (गोलरेषेमागच्या पट्ट्यात) गेला की नियमाप्रमाणे २० च्या रेषेवर आणला जातो. अठरा यार्डांसाठी आख्खी चाल सोडून दिली! इथे पंटचं समर्थन करणारा युक्तिवाद मला आजवर सापडलेला नाही.

गोलच्या तोंडाशी तर अजून एक गोष्ट असते. समजा समोरच्याच्या २ यार्डांवर चौथा डाउन आहे. किक मारली की तीन गुण जवळजवळ हातात. टचडाउन (चेंडू गोलरेषेपार नेणं) आणि त्यापुढची किक मिळून सात. नुसत्या गुणांचं गणित केलं तरी ४३ टक्के यश मिळालं की दोन्ही सारखं. पण किक मारल्यावर समोरच्याला किकऑफ (गुण झाल्यावर त्याच्याकडे उडवून दिलेला चेंडू) मिळते आणि तो चांगल्या जागेवरून सुरू करतो. २०२५ पासून तर एंड झोनमध्ये टाकलेल्या किकऑफनंतर चेंडू थेट ३५ च्या रेषेवर ठेवतात. खेळून फसलं तर समोरचा संघ स्वतःच्या २ यार्डांवर, पाठ गोलला टेकवून उभा. ही जागा आपल्यासाठी इतकी मोलाची असते की ४३ पेक्षा बरंच कमी यश मिळालं तरी चालतं. हे ज्याला पटलं त्याला तिथून किक मारायला निघालेला संघ बघताना वाईट वाटायला लागतं.

हे काही मी शोधून काढलेलं नाही, आणि नवंही नाही. १९७१ साली सिनसिनाटी बेंगल्सचा क्वार्टरबॅक व्हर्जिल कार्टर आणि नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातले प्राध्यापक रॉबर्ट मकोल यांनी मिळून मैदानावरच्या जागांची गुणांतली किंमत काढली होती. खेळणाऱ्या क्वार्टरबॅकने स्वतः! मग बर्कलीचे अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड रोमर यांनी १९९८, १९९९ आणि २००० या तीन हंगामांतल्या खेळी तपासल्या. घड्याळ आणि गुणफलकाचा दबाव नको म्हणून त्यांनी फक्त पहिलं सत्र घेतलं. चौथ्या डाउनला खेळणारे इतके कमी होते की यशाचं प्रमाण काढायला त्यांना तिसऱ्या डाउनच्या खेळी वापराव्या लागल्या. त्यांच्या हिशोबाने १,०६८ वेळा खेळणं सरासरीने फायद्याचं होतं. त्यांतल्या ९५९ वेळा संघांनी किक मारली. हा शोधनिबंध २००२ मध्ये प्रथम बाहेर आला आणि २००६ मध्ये अर्थशास्त्राच्या नामांकित नियतकालिकात छापला गेला. त्यांचा मूळ प्रश्न फुटबॉलचा नव्हताच. कोट्यवधींची उलाढाल, जिंकणं हेच ध्येय, माहिती हाताशी, तरी लोक सर्वांत फायद्याचा निर्णय का घेत नाहीत, हे त्यांना पाहायचं होतं.

का घेत नाहीत, याचं उत्तर मला आपल्यात दिसतं. पंट करून हरलेल्या कोचला कुणी त्या पंटबद्दल जाब विचारत नाही. फील्ड गोल चुकला तर दोष किकरचा. बचाव कोसळला तर दोष बचावाचा. पण खेळायचं ठरवून फसलं तर दोष एकट्या कोचचा, आणि तो दोष दहा-दहा वर्षं चिकटून राहतो. नोकरी टिकवायची असेल तर त्याने किक मारावी हे शहाणपणाचं आहे. म्हणजे संघाचं हित एकीकडे आणि कोचचं हित दुसरीकडे, आणि ही फट आपल्या शिव्याशापांनी रुंदावत नेली आहे. मालक लोक रिकाम्या खुर्च्या आणि मैदानात होणारी हुर्यो बघतात.

कोच बिल बेलिचिक हे अर्थशास्त्राचे पदवीधर, आणि रोमर यांचा निबंध त्यांनी वाचला होता. १५ नोव्हेंबर २००९ रोजी इंडियानापोलिसमध्ये त्यांचा पेट्रियट्स संघ ३४-२८ असा पुढे होता, दोन मिनिटं आठ सेकंदं शिल्लक, चेंडू स्वतःच्या २८ वर, चौथा डाउन, दोन यार्ड. पलीकडे कोल्ट्सचा क्वार्टरबॅक पेटन मॅनिंग. पंट केली असती तर मॅनिंगला सत्तरेक यार्ड जायचं होतं आणि त्या रात्री तो ज्या तऱ्हेने खेळत होता ते बघता दोन मिनिटं त्याला भरपूर होती. दोन यार्ड मिळाले असते तर सामना संपला असता. टॉम ब्रेडीने केव्हिन फॉककडे चेंडू फेकला, फॉकने तो झेलला, पण पंचांनी त्याला रेषेच्या अलीकडे धरलं. मॅनिंगने रेजी वेनकडे टचडाउन फेकून सामना ३५-३४ असा जिंकला. टीव्हीवर बसलेल्या, बेलिचिक यांच्याच हाताखाली खेळलेल्या माजी खेळाडूंनीही त्यांना धारेवर धरलं. तोवर तीन सुपर बोल जिंकून दिलेल्या माणसाची ही गत, तर दुसऱ्या-तिसऱ्या हंगामातल्या नवख्या कोचने काय धडा घ्यायचा?

अजून जुनं उदाहरण आहे, आणि मला ते जास्त आवडतं. १० डिसेंबर १९९५, फिलाडेल्फिया. डॅलस काउबॉईजचे कोच बॅरी स्विट्झर. १७-१७, वारा तोंडावर, चेंडू स्वतःच्या २९ वर, चौथा डाउन, फूटभर अंतर. एमिट स्मिथला धावायला लावलं, तो अडवला गेला. पण खेळ सुरू होण्याआधी शेवटच्या दोन मिनिटांची शिटी वाजली होती, त्यामुळे ती खेळी बाद. विचार करायला दुसरी संधी मिळालेली असताना स्विट्झर यांनी तीच खेळी पुन्हा लावली आणि स्मिथ पुन्हा अडवला गेला. फिलाडेल्फियाच्या ईगल्सने फील्ड गोल मारून सामना घेतला. स्विट्झर यांची त्या आठवड्यात जी थट्टा झाली तिला सीमा नव्हती. सात आठवड्यांनी त्याच काउबॉईजनी सुपर बोल जिंकला.

याच्या उलट बाजूला ४ फेब्रुवारी २०१८ चा सुपर बोल आहे. मध्यंतराला ३८ सेकंदं असताना ईगल्सचे कोच डग पीडरसन १५-१२ असे पुढे होते, एक यार्डावर चौथा डाउन. तीन गुण घेऊन विश्रांतीला जाण्यावर कुणीच बोट ठेवलं नसतं. त्यांनी चेंडू थेट कोरी क्लेमेंटकडे दिला, त्याने ट्रे बर्टनकडे, आणि बर्टनने तो क्वार्टरबॅक निक फोल्सकडे फेकला. टचडाउन. ही खेळी सगळ्यांना पाठ आहे, फिलाडेल्फियात तिचा पुतळा उभा आहे. त्याच सामन्यात शेवटची साडेपाच मिनिटं उरलेली असताना, ३३-३२ असे मागे, स्वतःच्या ४५ वर एक यार्ड हवं असताना पीडरसन पुन्हा खेळले आणि झॅक अर्ट्झने दोन यार्ड मिळवले, हे किती जणांना आठवतं? माझ्या मते त्या रात्रीचा खरा धाडसाचा निर्णय तो होता. तिथे फसलं असतं तर पुतळा राहिला दूर, पीडरसन यांचं नाव स्विट्झर यांच्या शेजारी लिहिलं गेलं असतं. ईगल्सने सामना ४१-३३ असा जिंकला.

आता, प्रत्येक चौथ्या डाउनला खेळायलाच हवं असं मी म्हणत नाही. आर्कान्सामधल्या लिटल रॉकच्या पुलास्की अकॅडमी शाळेचे केव्हिन केली जवळजवळ कधीच पंट करत नसत आणि त्यांनी राज्य विजेतेपदांची रांग लावली. पण ती शाळकरी पातळी. कॉलेजच्या संघाबरोबर २०२१ मध्ये त्यांचा हंगाम २-९ असा गेला. अंतर सात-आठ यार्ड असेल आणि आपण आपल्याच अर्ध्यात असू, तर पंटच बरी. आघाडीची फळी जखमी असेल, क्वार्टरबॅक बदली असेल, तर सरासरीचे आकडे आपल्याला लागू होत नाहीत. आणि किकर आता पूर्वीचे राहिले नाहीत. २०२१ मध्ये बॉल्टिमोरच्या जस्टिन टकरने आमच्याच डेट्रॉईटविरुद्ध ६६ यार्डांवरून शेवटच्या क्षणी मारलेला चेंडू आडव्या दांड्यावर आपटून पलीकडे पडला, तो आवाज लायन्सच्या चाहत्यांच्या कानातून गेलेला नाही. त्याच चालीत टकरच्या रेव्हन्स संघाने चौथा डाउन, १९ यार्ड, असा पार केला होता. किकर असे असतील तर समोरच्याच्या ३५ वर उभं राहून चार यार्डांसाठी खेळायचं की तीन गुण घ्यायचे, हा प्रश्न वीस वर्षांपूर्वीपेक्षा अवघड झालाय. पंटची गोष्ट वेगळी. ती पूर्वीइतकीच महाग आहे.

सामन्याच्या शेवटी सरासरी गुणांचा हिशोब सोडून जिंकण्याच्या शक्यतेचा हिशोब करावा लागतो, आणि तिथे भित्रा निर्णय सर्वांत जास्त नडतो. २४ जानेवारी २०२१ रोजी टॅम्पा बेविरुद्ध ग्रीन बे ३१-२३ असे मागे होते, दोन मिनिटं आणि काही सेकंदं उरलेली, आठ यार्डांवर चौथा डाउन. कोच मॅट लाफ्लर यांनी फील्ड गोल मारला, ३१-२६. आठ गुणांनी मागे असताना टचडाउन हवं होतं, पाच गुणांनी मागे असतानाही टचडाउनच हवं होतं. टॅम्पा बेने चेंडू परत दिलाच नाही. अ‍ॅरन रॉजर्ससारखा क्वार्टरबॅक बाजूला उभा राहून हे बघत होता. आठ यार्ड सोपे नव्हते हे मान्य. पण तिथे खेळून फसलं असतं तरी टॅम्पाला स्वतःच्या गोलच्या तोंडाशी सुरुवात करावी लागली असती. लाफ्लर यांच्यावर टीका झाली आणि ती योग्य होती. कारण ती निर्णयावर होती, चेंडू कुणाच्या हातातून निसटला यावर नव्हती.

लॉस एंजेलिस चार्जर्सचे तेव्हाचे कोच ब्रँडन स्टेली यांचं उदाहरण तुम्ही हटकून द्याल, म्हणून मीच देतो. ९ जानेवारी २०२२, लास व्हेगासमध्ये रेडर्सविरुद्ध, जिंकलं तर प्लेऑफ. तिसऱ्या सत्रात त्यांनी स्वतःच्या १८ यार्डांच्या रेषेवर चौथ्या डाउनला खेळून चेंडू घालवला. रेडर्सनी तीन गुण घेतले, सामना जादा वेळेत ३५-३२ असा गेला. वर्षानुवर्षं स्टेली म्हटलं की ते १८ यार्ड. पण त्या दिवशी चार्जर्स चौथ्या डाउनला सात वेळा खेळले आणि सहा वेळा यशस्वी झाले. ते सहा नसते तर सामना जादा वेळेपर्यंत पोचलाच नसता! त्या एका अपयशासाठी त्यांना झोडपणारे बाकीच्या सहांबद्दल एक शब्द बोलत नाहीत. स्टेली यांची नोकरी डिसेंबर २०२३ मध्ये गेली ती रेडर्सकडून ६३-२१ असा मार खाल्ल्यावर, आणि त्यात चार्जर्सचा ढिसाळ बचाव हे मोठं कारण होतं. लोकांच्या डोक्यात मात्र चौथा डाउनच बसला आहे.

गेल्या काही वर्षांत कोच पूर्वीपेक्षा बरेच जास्त खेळू लागलेत हे खरं. प्रत्येक संघाकडे आकडे सांगणारी माणसं आहेत, टीव्हीवर खेळीआधीच शक्यता झळकतात. ईगल्सनी तर एक यार्ड ढकलून नेण्याची अशी पद्धत बसवली की २०२५ मध्ये बाकीच्या संघांनी तिच्यावर बंदी आणायचा प्रयत्न केला. २४ मतं हवी होती, २२ पडली. तरीही दर रविवारी मी समोरच्याच्या ४० वर उभे राहून पंट करणारे संघ बघतो, आणि त्यांना कुणी हूं की चूं करत नाही. त्याच दिवशी एखादा कोच खेळून फसला की सोमवारभर तोच विषय.

आपल्यातले कितीतरी जण पोटासाठी शक्यतांचाच हिशोब करतात. कुणी विमा कंपनीत जोखीम मोजतं, कुणी औषधांच्या चाचण्यांचे आकडे तपासतं, कुणी बँकेत कर्ज बुडण्याची शक्यता काढतं, कुणी सर्व्हर कधी पडेल याचे अंदाज बांधतं. एक कर्ज बुडालं म्हणून ते मंजूर करणारा अधिकारी मूर्ख ठरत नाही, हे तुम्ही ऑफिसात वरिष्ठांना समजावून सांगता. त्या अधिकाऱ्यापुढे मंजुरीच्या दिवशी काय माहिती होती, एवढंच तुम्ही विचारता. कॅम्पबेल यांना तेवढाच न्याय द्या. आपल्या मुलांना आपण हेच शिकवतो. त्यांच्यासमोर सोफ्यावर बसून कोचला शिव्या घालताना आपण त्यांना नेमकं उलटं शिकवतो, आणि यातली बरीच मुलं शाळेच्या संघात खेळतात.

तेव्हा विनंती एवढीच आहे. चौथा डाउन आला, की खेळी सुरू व्हायच्या आत, पंटर मैदानावर येतोय की नाही हे दिसायच्या आत, आपलं मत ठरवा आणि शेजारी बसलेल्याला मोठ्याने सांगा. अंतर किती, जागा कुठली, वेळ किती, किती गुणांनी पुढे-मागे, आपला किकर कसा. ‘खेळावं’ म्हणालात आणि फसलं, तर सोमवारी ग्रुपवर तेच लिहा: निर्णय बरोबर होता, जमला नाही. ‘किक मारावी’ म्हणाला असाल तर तसं लिहा, कारणासकट. कारणाशिवाय कोचला हाकलण्याची भाषा करणारा संदेश दिसला तर त्याला हेच प्रश्न विचारा. आणि हुर्यो करायचीच असेल तर समोरच्याच्या ३८ वरून पंट करणाऱ्या कोचची करा, तो तुमचा स्वतःचा संघ असला तरी, संघ आघाडीवर असला तरी. ती आजवर कुणी केली नाही म्हणून त्या पंट चालू राहिल्या आहेत.

बे एरियातल्या मंडळींना वेगळं सांगतो. तुम्ही लायन्सविरुद्धचा तो जानेवारीतला सामना जिंकलात, आनंद करा, त्यावर तुमचा हक्क आहे. पण ‘कॅम्पबेलने आम्हाला सामना बहाल केला’ असं म्हणू नका. तुमच्या संघाने १७ गुणांची पिछाडी भरून काढली, पर्डी पायांनी धावून धावून डाउन मिळवत होता. त्याचं श्रेय त्याला द्या.

आणि डेट्रॉईटकरांनो, पुढचा चौथा डाउन, दोन यार्ड, समोरच्याच्या २८ वर येईल तेव्हा हा कोच पुन्हा खेळेल. मला वाटतं त्याने खेळावं.

कळावे,

आपला,
मिशिगनमधला एक लायन्सप्रेमी मराठी माणूस